एकदा काढलेलं तिकीट

"पत्नी, मला चहा हवा आहे."

आता ही काय बोलायची रीत झाली? मी चुलीपुढं, तव्यावर भाकरी, दोन्ही हात पिठाचे, आणि पडवीतनं हुकूम सुटतोय. बरं, आवाज तरी नवऱ्याचा असावा! शाळेत नव्यानं लागलेल्या बाईसारखा एका पोरीचा गोड, घासूनपुसून ठेवलेला आवाज. "पत्नी, मला चहा हवा आहे. पत्नी, लवकर या."

"येते, येते. भाकरी करपली तर पत्नीच्या नावानं खडे फोडू नका म्हणजे झालं."

त्यावर लगेच, "मला भूक लागली आहे."

"आत्ता चहा, आत्ता भूक. आधी काय ते एक ठरवा!"

"नाही. नाही. नाही."

न्हाणीत आमची सून वैजू धुणं धूत होती, ती खिदळायला लागली. तिला काय, तिला गंमत.

ह्या माणसाशी लग्न होऊन तेव्हा मला बेचाळीस वर्षं झाली होती. हे एसटीत कंडक्टर. वडूज ते सातारा, पुसेगाव-कोरेगाववरनं, उभी हयात तेवढ्याच रस्त्यावर काढली. दिवसभर गाडीत ओरडून घरी यायचे आणि उंबरा ओलांडला की तोंडाला टाळं. 'अगं' आणि 'बरं' एवढ्या दोन शब्दांवर ह्यांनी माझा संसार चालवला. भाजी चांगली झाली तरी 'बरं', खारट झाली तरी 'बरं'. माझं नाव हौसा आहे हे ह्यांना ठाऊक तरी आहे का, असं मी सासूला विचारलं होतं एकदा.

गाडीतला ह्यांचा आवाज मी एकदाच ऐकला. आमचा संपत अंगावर पीत होता तेव्हा, मी माहेराहून ह्यांच्याच गाडीनं परत येत होते. वर्धनगडाच्या घाटात गाडी बंद पडली. मागनं दुसरी आली, ती आधीच गच्च भरलेली, आतली माणसं आम्हाला चढू देईनात. तेव्हा हे तिच्या दारात उभे राहिले आणि असे गरजले, की संपत दूध सोडून बघायला लागला. "तिकीट काढलंय! ह्यांनी तिकीट काढलंय! पुढं सरका!" म्हातारी, पोरं, कोंबड्यांची पाटी घेतलेला एक धनगर, सगळ्यांना ह्यांनी आत कोंबलं. एकाला रस्त्यात ठेवलं नाही. मी मनात म्हटलं, हा एवढा आवाज हा माणूस घरी येताना ठेवतो कुठं?

आणि वाचा गेल्यावर तोच माणूस मोबाईलमधनं मला 'पत्नी' म्हणायला लागला.

दिवाळीच्या पाडव्याला अंघोळ करून ओवाळून घ्यायला पाटावर बसले, ते तिथंच उजव्या अंगावर कलंडले. हात गेला. पाय पुढं काठीपुरता सुधारला, पण जीभ काही वळेना. कळायचं सगळं. बोलायला गेले की 'बा, बा' एवढंच बाहेर यायचं आणि ते ऐकून त्यांची त्यांनाच लाज वाटायची. मग त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. चार महिने मी त्या माणसाची पाठ बघितली. ताट ठेवलं तर चार घास, नाही ठेवलं तर मागणं नाही. डोळा लागला असला की मी नाकापुढं हात धरून बघायची, श्वास चाललाय ना म्हणून.

साताऱ्याला वाचेवर उपचार करणाऱ्या पेंढारकर मॅडम होत्या. त्यांनी आम्हाला 'बोलपाटी' नावाचं ॲप दाखवलं. सगळी चित्रंच चित्रं. कप दाबला की ते चहा मागतं, डोकं दाबलं की डोकं दुखतंय म्हणून सांगतं, अंबाड्यातली बाई दाबली की 'पत्नी' म्हणून हाक मारतं. मला दुसरीतनं काढून म्हशींमागं लावलेली, तरी मलाही कळलं. 'पैसे एकदाच भरा, आयुष्यभर वापरा' असं त्यात लिहिलेलं वैजूनं मला दोनदा वाचून दाखवलं. मी भिशीचे पैसे काढले आणि ते घेतलं.

पहिल्या दिवशी ह्यांनी डाव्या हाताच्या बोटानं काय दाबलं असेल? "मला खाज सुटली आहे." चार महिने त्या माणसाची पाठ खाजत होती आणि मी ती नुसती बघत बसले होते! खाजवून दिली तसे डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते, तर तोंड भिंतीकडनं दाराकडं झालेलं.

तेव्हा त्या हुकमांना मी कितीही टाकून बोलत असले, तरी चहाचं आधण पहिल्या हाकेलाच चढलेलं असायचं.

एका गुरुवारी हुकूम आलाच नाही.

दूध उतरवून मी कान दिला. काही नाही. पडवीत जाऊन बघते, तर हे कप दाबतायत, पुन्हा दाबतायत, जोरानं दाबतायत. चित्रं सगळी राखेसारखी करडी पडलेली आणि एकेका चित्रावर इवलंसं कुलूप.

"वैजू! ए वैजू! काय झालं बघ गं ह्याला."

वैजू ओल्या हातानंच आली. हात पदराला पुसून वाचायला लागली. "प्रिय ग्राहक, तुमच्या प्रेमामुळे बोलपाटी आता आणखी सुंदर झाली आहे. पुढे बोलत राहण्यासाठी मासिक वर्गणी निवडा."

"वर्गणी? गणपती बसवलाय काय त्यांनी?"

"तसं नाही आत्या. दर महिन्याला पैसे भरायचे आता. नाही भरले तर बंद."

"आपण भरलेत की. एकदाच, आयुष्यभर."

"ते जुनं झालं म्हणतायत."

"आयुष्य संपलंय का ह्यांचं? समोर बसलेत की धडधडीत!"

तीन चित्रं तेवढी उघडी ठेवली होती. हो, नाही आणि धन्यवाद. ह्यांनी 'नाही' दाबलं. मग पुन्हा 'नाही'. बोट बाजूला घसरलं आणि ती पोर गोड आवाजात म्हणाली, "धन्यवाद."

ह्यांनी मोबाईल पालथा घातला, बाजेवर आडवे झाले. आणि मान हळूहळू भिंतीकडं वळायला लागली.

पुन्हा ती पाठ बघायची माझ्यात ताकद नव्हती.

"भरून टाकू का ह्या महिन्याचे?" वैजू हळूच म्हणाली.

"आणि पुढच्या महिन्याला? माणसाची जीभ काय भाड्यानं घ्यायची दर महिन्याला? लाव फोन त्यांना. लाव म्हणते ना!"

तिनं तिच्या फोनवरनं लावला आणि आवाज मोठा ठेवला. बराच वेळ पेटी वाजल्यासारखं काहीतरी वाजत होतं. मग एक पोर बोलली. "नमस्कार, मी ऋचा. मी आपली काय मदत करू शकते?"

"कुलूप काढू शकतेस."

"सॉरी?"

मी सगळं सांगितलं. दिवाळीपासनं सुरू केलं आणि कपापर्यंत आणून सोडलं. पोरीनं ऐकून घेतलं, नाही असं नाही. मग म्हणाली, "मॅडम, आजीवन म्हणजे त्या आवृत्तीच्या आयुष्यापर्यंत. ती आवृत्ती आता बंद झालीय."

"म्हणजे मेली?"

"हो... म्हणजे, तसं म्हणता येईल."

"मग कळवायचं तरी. मयताला आलो असतो की आम्ही."

वैजूनं तोंडाला पदर लावला. ती पोर पण हसत असेल. मग घसा साफ करून म्हणाली, "मॅडम, मी तुमची तक्रार नोंदवते. फक्त खातेदाराशी बोलावं लागेल. खातं दत्तात्रय फडतरे यांच्या नावावर आहे."

मी वैजूकडं बघितलं. वैजूनं जीभ चावली. घरातलं लाइटबिल, गॅस, पाणीपट्टी सगळं ह्यांच्या नावावर. हेही तिनं त्याच सवयीनं ह्यांच्याच नावावर घातलं होतं. घरातला कर्ता पुरुष म्हणून.

"मी बायको त्यांची. माझ्याशी बोल."

"हो मॅडम, पण खातेदारानं स्वतः बोलून तक्रार सांगावी लागते. एक वाक्य सांगितलं तरी चालेल."

"अगं पोरी, तुम्ही बोलायचं यंत्र विकता ना? मग ते विकता कुणाला? बोलणाऱ्यांना?"

तिनं 'मॅडम' म्हणून सुरुवात केली, मी पुढं बोलूच दिलं नाही.

"ह्यांना एक वाक्य बोलता आलं असतं, तर तुमच्या दारात आलो असतो का आम्ही?"

"मॅडम, मला कळतंय सगळं. खरंच कळतंय." पोरीचा आवाज बारीक झाला. "पण माझ्यापुढं तो रकाना आहे. तो भरल्याशिवाय तक्रार पुढं जातच नाही. तुम्ही निदान ह्या महिन्याचे पैसे भरून—"

माझ्या मागं बाज करकरली.

मी वळून बघितलं. हे उठून बसले होते. कुणी धरलेलं नाही, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. मान भिंतीकडची सुटून आमच्याकडं झालेली, चेहरा लालबुंद, गळ्याची शीर टरारून फुगलेली. मला वाटलं, दुसरा झटका आला. मी धावले, तर डाव्या हातानं मला बाजूला सारलं. गर्दीतनं वाट काढताना माणसाला सारतात, तसं. आणि वैजूच्या हातातल्या फोनकडं बघून म्हणाले,

"ति..."

"काय झालं मामा?" वैजू घाबरली.

"ति... ति..."

आणि मग तो आवाज आला. घाटातला.

"तिकीट काढलंय! एकदा काढलंय! पुढं सरका!"

दारातल्या कोंबड्या फडफडत पळाल्या. वैजू मटकन खाली बसली. फोन तेवढा तिनं हातात धरून ठेवला होता.

मग फोनमधनं आवाज आला. "सर... सर, हीच तक्रार समजू का?"

"हीच," मी म्हटलं. "जशीच्या तशी लिही. एक अक्षर खाऊ नको."

हे स्वतःच्या ओठांना हात लावून बघत होते, कुणाचे आहेत म्हणून. मी पुढ्यात बसले. "पुन्हा म्हणा. काय म्हणालात? पुन्हा म्हणा की." त्यांनी तोंड उघडलं. "बा," आलं. पुन्हा उघडलं. "बा, बा." डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी म्हटलं, गेलं. विजेसारखं आलं आणि गेलं.

वैजूनं तेवढ्यात साताऱ्याला मॅडमना फोन लावला होता. मॅडम घाईघाईनं बोलायला लागल्या. त्यांचं सगळं मला कळलं नाही, कळलं ते एवढंच: ठरवून बोलायचे शब्द डोक्यात एका जागी असतात, ती जागा ह्यांची गेली. पण वर्षानुवर्षं रोज म्हटलेलं, जिभेनं घासून गुळगुळीत झालेलं बोलणं कधीकधी दुसरीकडं शाबूत राहतं. राग आला, की ते आपसूक वर येतं. "मी कितीदा अंक म्हणवून घेतले, आरती म्हणवून घेतली, पण त्यांनी तोंडच उघडलं नाही," मॅडम म्हणाल्या. "हौसाबाई, ते रोज काय म्हणायचे ते आठवा. तिथनं धरा त्यांना."

"घरात म्हणता?"

"कुठेही."

घरातलं आठवून उपयोग नव्हता. 'अगं' आणि 'बरं'वर काय उभं राहणार होतं?

दुपारी मी बाजाराची पिशवी घेतली, डोक्यावर पदर घेतला, पायात चपला घातल्या आणि पडवीच्या पायरीशी जाऊन उभी राहिले.

"मास्तर, सातारा एक."

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू आता हिचंही डोकं गेलं.

"ओ मास्तर! गाडी जाते का, का नुसती उभी केलीय? सातारा एक द्या."

ह्यांनी पांघरूण गुडघ्यावर ओढून घेतलं.

"बहिरा कंडक्टर दिलाय वाटतं आज," मी वैजूला म्हटलं. "चला बाई, मागच्या गाडीनं जाऊ. हे काय तिकीट देत नाहीत."

ओठ हलले. "कि..."

"काय?"

"कि... किती?"

"एक! एक हो मास्तर, एकच!" माझा आवाज फाटला, पण मी पिशवी सोडली नाही.

"सु... सुट्टे."

"सुट्टे नाहीत."

"सुट्टे द्या!" हे खेकसले.

काय सांगू, आयुष्यात मला कुणी इतकं गोड खेकसलं नाही.

त्या दिवसापासनं आमच्या पडवीची एसटी झाली. देवघरातली घंटा काढून मी आढ्याला बांधली आणि दोरी ह्यांच्या डाव्या हाताशी सोडली. एकदा वाजली की थांबायचं, म्हणजे मी असेन तिथनं यायचं. दोनदा वाजली की चला, म्हणजे काम झालं, जा. वैजू रोज कोरेगावला चढायची, मी पुसेगावला उतरायची. सुट्ट्यांवरनं मी रोज भांडण काढायची, कारण भांडणात शब्द जास्त येतात हे मला कळलं होतं. शेजारची जनाबाई कुंपणावरनं बघत राहायची. मी म्हटलं, "बसायचं तर बस गं, मागं जागा आहे." चौथ्या दिवशी ती खरंच आली आणि पोराचं अर्धं तिकीट मागितलं. त्यावर हे म्हणाले, "वय?" ती म्हणाली, "अकरा." हे म्हणाले, "खोटं!" तिघी हसून हसून पायरीवर बसलो.

'सुट्टे द्या'मधलं 'द्या' सुटं झालं आणि पाण्याला जाऊन चिकटलं. 'पाणी द्या.' मग 'भाकरी द्या.' अडखळत, घाम गाळत, एकेका शब्दाला पाच-पाच मिनिटं. चुकलं की मोबाईल भिरकावल्यासारखा हात करायचे. पण तोंड दाराकडं.

महिना होऊन गेला आणि फोन वाजला. वैजूनं उचलला आणि मोठा केला. "मी ऋचा बोलतेय. हौसाबाई मॅडम आहेत का? एक चांगली बातमी आहे. ज्यांनी आधी पैसे भरलेत, त्यांचं सगळं पूर्वीसारखं खुलं केलंय. खूप जणांच्या तक्रारी होत्या. पण बैठकीत मी सरांचं वाक्य वाचलं. जसंच्या तसं. मग त्याच बैठकीत निर्णय झाला. मॅडम, आता तक्रार बंद करायचीय. त्यासाठी पुन्हा खातेदाराशी..."

चुकलं की काय, असं तिला वाटलं असावं.

मी फोन ह्यांच्यापुढं धरला. ह्यांनी पाठ ताठ केली. शर्टाचं वरचं बटण चाचपलं.

"फड... तरे," हे म्हणाले. "बोला."

पलीकडनं नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला.

मी त्या कंपनीसाठी महिनाभर शिव्या साठवून ठेवल्या होत्या. निवडक, आमच्या माहेरच्या. फोन तोंडाशी घेतला आणि एकही आठवेना. त्यांनी कुलूप घातलं नसतं, किंवा मी मुकाट्यानं पैसे भरले असते, तर ती मोबाईलमधली पोर ह्यांच्या वतीनं मरेपर्यंत चहा मागत राहिली असती. आणि हे? हे गप्पच.

"पोरी," मी म्हटलं, "वडूजला आलीस तर जेवायला ये. सातारा स्टँडवरनं गाडी आहे."

फोन ठेवला. वैजूनं मोबाईल ह्यांच्या मांडीवर ठेवला. चित्रं सगळी रंगीत झालेली, कपातनं वाफसुद्धा निघत होती. ह्यांनी बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता चहा दाबणार. त्यांनी आधी अंबाड्यातली बाई दाबली आणि मग ते कोपऱ्यातलं, फुकटातलं चित्र.

"पत्नी. धन्यवाद."

"ते त्या पोरीकडनं नको मला," मी म्हटलं आणि आत जायला वळले. डोळे भरले होते, ते कुणाला दाखवायचे नव्हते.

घंटा वाजली. एकदा.

मी थांबले.

ह्यांचे ओठ जुळायला लागले, सुटायला लागले. हा शब्द गाडीत कधी म्हटलेला नव्हता, घरातही नव्हता. तो कुठनं काढतायत ते मला कळेना. कपाळावर घाम आला. वैजू पुढं व्हायला लागली, मी तिला हातानं थोपवलं.

"हौ..." हे म्हणाले. "हौ... सा."

मी दाराची चौकट धरली.

"चहा," हे म्हणाले.

मी पदरानं तोंड पुसलं, कमरेवर हात ठेवले आणि सांगून टाकलं, "माणूस तुम्ही तुसडेच. आधीही होतात, आताही आहात. पण कंडक्टर चांगले. बेचाळीस वर्षं तुमच्या गाडीत बसलेय, मधे कुठं उतरवलं नाहीत मला."